बाबांच्या राखीव चपला

माझ्या पोटापाण्याचा उद्योग म्हणजे चपलांची स्तुती करणं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या पायांकडे बघतात. मेलबर्नजवळ डँडेनॉन्गच्या कारखान्यांच्या भागात आमच्या छोट्याशा कंपनीचं गोडाऊन आहे. बाहेरच्या देशातून सँडल मागवायच्या, वेबसाइटवर टाकायच्या आणि विकायच्या, एवढाच धंदा. त्या सँडलच्या फोटोखाली जो मजकूर असतो, तो मी लिहिते. 'पायात आहेत हेच विसराल' ही ओळ माझी. 'सकाळच्या कॉफीपासून संध्याकाळच्या बार्बेक्यूपर्यंत' हीसुद्धा माझीच. 'ढगांवर चालल्यासारखं' ही मात्र माझी नाही, ती माझ्या बॉसबाईंची. त्या ओळीवरून दर सीझनला आमची जुंपते. ढगांवर आजवर कुणी चाललेलं नाही आणि कुणी चाललंच तर त्याचे पाय ओले होतील, असं माझं म्हणणं. बॉसबाईंचं म्हणणं, लोकांना ढग आवडतात. त्या बॉस असल्यामुळे ढग राहतो.

मी इथे शिकायला आले, मार्केटिंगची पदवी घेतली, मग पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी मिळाली आणि राहिलेच. लग्न राहून गेलं असं नातेवाईक म्हणतात. मी त्यांना म्हणू देते. डँडेनॉन्ग स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर माझं दोन खोल्यांचं युनिट आहे. जवळच फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानांत कोथिंबीर, कढीपत्ता आणि जाड-पातळ दोन्ही पोह्यांची पाकिटं मिळतात. एकूण बरं चाललं होतं.

आमच्या कंपनीत स्टाफला सँडल स्वस्तात मिळतात. कोविडच्या बरीच वर्षं आधी एकदा नाशिकला जाताना मी आई-बाबांसाठी दोन जोड्या घेऊन गेले होते. तीन पट्ट्यांच्या, आतून मऊ गादी असलेल्या, 'दहा उन्हाळे टिकणारा सोल' असं खोक्यावर छापलेल्या. तेही मीच लिहिलेलं. आईनं दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या पायात घातल्या आणि भाजी आणायला गेली. परत आल्यावर म्हणाली की बऱ्या आहेत, पण ढगाबिगाचं काही खरं नाही. पुढे तिनं त्या रोज वापरल्या. भाजी, देऊळ, भिशी, डॉक्टर, सगळीकडे त्याच. त्यांचा रंग उडाला, पट्ट्या ताणल्या गेल्या, तरी सोल शाबूत होता.

बाबांनी त्यांच्या चपला उलटसुलट करून पाहिल्या, सोल वाकवला, शिवण तपासली. ते आयुष्यभर सरकारी नोकरीत रस्त्यांची आणि पुलांची कामं बघत आले, त्यामुळे कुठलीही वस्तू त्यांना मोजमाप केल्याशिवाय पटत नाही. मग त्यांनी चपला परत खोक्यात ठेवल्या, खोकं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात सरकवली. तुझ्याकडे येऊ तेव्हा घडी मोडू, म्हणाले. घडी मोडणं हे कपड्यांचं असतं, पण बाबा ते सगळ्याला वापरतात. आमच्या घरात नव्या वस्तूची घडी सहसा मोडतच नाही. टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकमध्ये आहे आणि त्याची बटणं अंदाजानं दाबावी लागतात. फ्रीजच्या दारावरचं पातळ कव्हर मी कॉलेजात असताना एकदा सोलून काढलं होतं, तर बाबा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते.

ते दोघं त्या वर्षी येणार होते. आईला बरं नाही म्हणून पुढे ढकललं. पुढच्या वर्षी पुन्हा ढकललं. मग आई गेली. दिवसकार्य आटोपल्यावर मी बाबांना म्हटलं की आता तुम्ही माझ्याकडे चला, निदान सहा महिने राहा. ते लगेच हो म्हणाले नाहीत. वर्षश्राद्ध होऊ दे म्हणाले, मग घराचा रंग होऊ दे म्हणाले, मग एकदाचे हो म्हणाले. व्हिसा आला. एप्रिलचं तिकीट काढलं. बाबांनी बॅग फेब्रुवारीतच भरून ठेवली आणि सगळ्यात वर ती गाठ मारलेली पिशवी. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियानं सीमा बंद केल्या.

सुरुवातीला आम्ही दोघंही निवांत होतो. महिना-दोन महिन्यांत उघडेल असं बाबा म्हणायचे आणि मीही म्हणायचे. दर रविवारी माझी दुपार आणि त्यांचा सकाळचा चहा, असा आमचा फोन ठरलेला. पहिला प्रश्न नेहमी एकच, काय म्हणतंय तुमचं सरकार? मग मी इथल्या बातम्या सांगायची, ते तिथल्या सांगायचे, आणि दोन्हीकडून मिळून आम्ही त्यांचं येणं पुढच्या सणावर नेऊन ठेवायचो. आधी गणपती, मग दसरा, मग दिवाळी. ते एकटे आहेत, त्यांना स्वयंपाकाची सवय नाही, दुपारी बोलायला कुणी नसतं, या विचारानं माझा जीव खालीवर व्हायचा. मी त्यांना उमेद देत राहायची. फोन ठेवताना मलाच बरं वाटायचं.

धंद्याचं म्हणाल तर आमचा तेजीत होता. घरून काम करणाऱ्या लोकांना बूट नको झाले होते आणि सगळ्यांना मऊ सँडल हव्या होत्या. बॉसबाईंनी आम्हा सगळ्यांच्या घरी नव्या सँडलचा एकेक नमुना पाठवला आणि सांगितलं की दिवसभर घरात घालून बसा आणि कसं वाटतं ते लिहा. आता घरात चपला घालून बसायचं म्हणजे काय, हे मला त्यांना समजावता येईना. शेवटी मी त्या फक्त बाल्कनीत घालायचे. माझी बाल्कनी एवढीशी, त्यात कपड्यांचा स्टँड. लॅपटॉप घेऊन तिथे कुडकुडत बसायचे आणि 'दिवसभराचा आराम' लिहायचे. दिवसभर म्हणजे पाय गार पडेपर्यंत, हे लिहिलं नाही.

मग ऑगस्टमध्ये मेलबर्नचं मोठं लॉकडाऊन लागलं. घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं, दिवसातून एक तास चालायला बाहेर पडायचं, रात्री बाहेर दिसायचंच नाही. मी रोज चालायला जायची. समोरून कुणी आलं की तो एका बाजूला सरकायचा आणि मी दुसऱ्या बाजूला. मास्कमुळे हसलेलंही कळायचं नाही. ऑफिसची मीटिंग गुरुवारी असायची आणि तिथे पहिलं वाक्य बोलायला गेले की घसा बसलेला असायचा, कारण रविवारच्या फोननंतर मी कुणाशी बोललेलीच नसायची. फॉस्टर स्ट्रीटवरच्या दुकानात मुद्दाम थोडं थोडं सामान आणायची, म्हणजे परत जायला कारण राहावं. काउंटरवरची गुजराती बाई 'और कुछ?' असं विचारायची, ते मला ऐकायला आवडायचं.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी मी कचरा टाकून आले आणि चपला न काढताच स्वयंपाकघरात गेले. ओट्याशी उभी राहून कांदा चिरला, भाजी फोडणीला टाकली, आणि मग पायांकडे लक्ष गेलं. मी जागच्या जागी थांबले. कुणीतरी ओरडेल असं मला खरंच वाटलं. आई असती तर हातातलं लाटणं घेऊन धावली असती. कुणी ओरडलं नाही. कोण ओरडणार? भाजी झाली, मी तशीच टेबलाशी बसले आणि चपला घालूनच जेवले. आपण किती एकट्या आहोत हे मला त्या दिवशी कळलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही. बाबांना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांचंच त्यांना पुरे होतं, माझं कशाला त्यात, असं मी ठरवून टाकलं होतं.

डिसेंबरात लॉकडाऊन उठलं होतं, उन्हाळा आला होता, लोक बाहेर पडायला लागले होते, आणि आमच्याकडे तक्रारींचा पाऊस सुरू झाला. सगळ्यांचं म्हणणं एकच. सँडल महागामोलाच्या घेतल्या होत्या, नीट जपून ठेवल्या होत्या, आज काढल्या आणि दहा पावलांत सोल तुटून पडला. फोटो जोडलेले असायचे. वरून चपला अगदी कोऱ्या, आणि खाली सोलचा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा भुगा. एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांनी त्या मुलाच्या लग्नासाठी राखून ठेवल्या होत्या. लोक चिडलेले होते आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं, कारण दहा उन्हाळ्यांचं आश्वासन आम्हीच दिलं होतं.

कारखान्याकडून खुलासा आला. तो वाचून मी चकितच झाले. या जातीचा मऊ सोल हवेतला दमटपणा शोषून घेतो आणि आतून हळूहळू कुजतो. रोज पायात असला, दबला, वारं लागलं, तर बरीच वर्षं टिकतो. बंद खोक्यात ठेवला, त्यातही प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला, की एक दिवस बसल्या जागी संपतो. म्हणजे वापरून झिजत नाही इतका न वापरता झिजतो. यावर गिऱ्हाइकांना पाठवायचं उत्तर मला लिहायचं होतं. चूक कबूल करायची नाही, पण गोडीनं बोलायचं, हे माझं कामच आहे. मी लिहिलं, 'आमच्या सँडलना तुमच्या पायात राहायला आवडतं. कृपया त्यांना वाट पाहायला लावू नका.' बॉसबाई खूश झाल्या. मी एकेक उत्तर पाठवत बसले आणि त्यातलं कितवं तरी पाठवताना मला नाशिकचं कपाट आठवलं.

रविवारी फोन लागल्याबरोबर मी बाबांना विचारलं की त्या चपला बघितल्यात का. ते म्हणाले, आहेत की, बॅगेत आहेत, वरच आहेत, हवासुद्धा लागू दिलेली नाही. मी सगळं समजावून सांगितलं. दमटपणा, प्लास्टिक, सोल, सगळं. इंजिनिअर माणूस, त्यांना ते लगेच समजलं. मी म्हटलं की आजच बाहेर काढा आणि रोज थोडा वेळ घाला, गच्चीवर फिरा, नाहीतर फुकट जातील. बाबा म्हणाले, आता तिकडे आलो की घालायच्याच आहेत ना. मी म्हटलं, तोपर्यंत टिकणार नाहीत. मला घाई झाली होती. मी चपलांबद्दलच बोलत होते, निदान मला तसं वाटत होतं.

"म्हणजे मी येत नाही, असं तुझं म्हणणं आहे," बाबा म्हणाले.

मी नाही नाही म्हटलं. सोलचं म्हणते आहे, तुमचं नाही, असं म्हटलं. पण त्यांनी चहा गार होतोय म्हणून फोन ठेवला. पुढच्या रविवारी ते सरकार काय म्हणतंय हे विचारायला विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं. चपलांचा विषय मीही काढला नाही. तिथून पुढे आमचे फोन हवामानावर आणि भाज्यांच्या भावावर चालायला लागले.

मग दुसरी लाट आली. ते दोन महिने मला नीट सांगता येत नाहीत. बाबांच्या बिल्डिंगमध्ये दोन घरं रिकामी झाली. मी दिवसातून तीनदा फोन करायची आणि ते तीनही वेळा उचलायचे, एवढंच पुरे होतं. मे महिन्यात ऑस्ट्रेलियानं तर भारतातून परत येणाऱ्या आपल्याच नागरिकांनाही काही काळ दार लावलं. ती बातमी बाबांनी माझ्याआधी वाचली. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःहून व्हिडिओ कॉल केला, जो ते कधीच करत नाहीत. फोन खाली धरला होता, त्यामुळे मला आधी गच्चीवरची फरशी दिसली, मग त्यांचे पाय, आणि पायांत त्या चपला.

"मोडली घडी," ते म्हणाले.

डाव्या टाचेचा एक तुकडा निघाला होता, तो त्यांनी चिकटवून वरवंट्याखाली दाबून ठेवला होता. बाकी सोल धरून आहे म्हणाले. पायाला फार मऊ लागतात म्हणाले. मी वा वा म्हटलं. त्यांनी बॅगही रिकामी केली असणार हे मला विचारायची गरज वाटली नाही. कॉल संपल्यावर मी बाल्कनीत जाऊन रडले. माझंच ऐकलं होतं त्यांनी, तक्रार कुणाकडे करणार?

त्यानंतर बाबा रोज गच्चीवर चालायला लागले. सुरुवातीला एकटेच. मग वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले गृहस्थ गच्चीच्या दुसऱ्या टोकाला चालायला लागले. दोघं मास्क लावून लांबूनच मोठ्यानं बोलायचे. पावसाळा सरला, गावात मोकळीक आली, आणि चालणं गच्चीवरून कॉलनीच्या बागेत गेलं. बागेत आणखी तिघं मिळाले. एकाला बासरी वाजवता येते. एक नुसता राजकारणावर भांडतो. चालून झाल्यावर पाचही जण टपरीवर चहा घेतात. ही सगळी माणसं मला बाबांच्या बोलण्यातून माहीत झाली. बासरीवाल्याच्या गुडघ्याचं काय झालं, हे मीही विचारू लागले.

इकडे मेलबर्नचं पुन्हा लॉकडाऊन लागलं होतं. पुन्हा पाच किलोमीटर, पुन्हा मोजकेच तास. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, पण रविवारचे फोन छोटे होत चालले होते. बाबा आता घाईत असायचे. खाली सगळे थांबलेत गं, असं म्हणायचे. एका रविवारी त्यांनी फोन उचललाच नाही. नंतर कळलं की बँकवाल्यांच्या नातवाचं बारसं होतं आणि फोन घरी राहिला होता. त्या दुपारी मी फोन समोर ठेवून बसून होते. चहा केला, प्यायले, परत केला. कोण कुणाची सोबत करत होतं इतके दिवस, हे तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख आलं. मी ते विचार लगेच बाजूला सारले, कारण त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

नोव्हेंबरात सीमा उघडल्या. इथे स्थायिक झालेल्यांच्या आई-वडिलांना यायला परवानगी मिळाली. ही बातमी ऑफिसातल्या पंजाबी मुलीनं मला ओरडून सांगितली आणि आम्ही दोघी गोडाऊनमध्ये खोक्यांच्या मध्ये नाचलो. मी बाबांसाठी दुसरी खोली आवरली. नवी चादर घातली. जाड ब्लँकेट आणलं. फॉस्टर स्ट्रीटवरून त्यांच्या आवडीचे जाड पोहे आणले आणि काउंटरवरच्या बाईंना कारण नसताना सांगितलं की पापा आ रहे हैं. रविवारपर्यंत मी थांबले, कारण मला त्यांचा चेहरा बघत सांगायचं होतं.

त्यांना बातमी आधीच माहीत होती. बागेत चर्चा झाली होती. ते चहाचा कप हातात घेऊन बसले होते आणि प्रसन्न दिसत होते. मी तिकिटांचं बोलायला लागले तर त्यांनी हात वर केला. या वर्षी नको गं, म्हणाले. आत्ताच कुठे सगळं सुरळीत होतंय. बँकवाल्यांचं ऑपरेशन आहे, मुलं परगावी असतात, घरी कुणी नाही, दवाखान्यात आम्ही चौघांनी पाळ्या लावल्या आहेत. थंडीत चालायला मजा येते. पुढच्या वर्षी बघू. मग ते मला समजावल्यासारखं म्हणाले की तू आता माझी काळजी सोड, माझं खरंच छान चाललंय, आणि हे सगळं तुझ्या त्या चपलांमुळे. तू म्हणालीस म्हणून बाहेर काढल्या.

मी म्हटलं, अगदी बरोबर आहे, बाबा. तुम्हाला आनंद वाटतोय हे ऐकून बरं वाटलं. नो वरीज. गिऱ्हाइकांना उत्तर देताना माझा जो आवाज असतो, तोच होता तो. मला तो ऐकू येत होता आणि थांबवता येत नव्हता. बाबा समाधानानं हसले. कप खाली ठेवला. खाली माणसं थांबली असतील म्हणाले, ठेवू का?

"नका ठेवू," मी म्हटलं.

ते थांबले. मला पुढचं वाक्य माहीत नव्हतं. दुसऱ्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथली नवी चादर मला दिसत होती.

"तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी या बाबा. मला इथे एकटीला राहवत नाही. खूप दिवस झाले. मला आता नाही राहवत."

नेट गेलं असं मला वाटलं, पण त्यांचा चष्मा हलत होता. त्यांनी तो काढला, पुसला, परत घातला आणि फोन तोंडाच्या अगदी जवळ आणला.

"मग इतके दिवस चपलांचं काय बोलत बसली होतीस?" ते म्हणाले.